मोहाचं झाड आणि सातवी लेव्हल

खाणीतून कोळशापेक्षा माती जास्त निघते आणि मातीपेक्षा किस्से! मातीचे निदान डोंगर तरी होतात, राजुऱ्याला येताना लांबून दिसतात. किस्से मात्र आमच्या रेस्ट शेल्टरमध्ये, डब्यांच्या वासात पडून असतात. कुणी एक उकरला की त्याच्या खालून दुसरा निघतो.

मी खाणीच्या कंट्रोल रूममध्ये बसते. समोर स्क्रीन, स्क्रीनवर ठिपके. एक ठिपका म्हणजे एक डंपर. माती खणून डंपर भरणारं जे अजस्र यंत्र असतं, त्याला आम्ही शॉवेल म्हणतो. कोणता डंपर कोणत्या शॉवेलकडे जाईल, हे मी वायरलेसवरून सांगते. आणि घरी गेल्यावर काय करते? मोबाईलवर शहर वसवायचा गेम खेळते! तिथेही ठिपकेच इकडून तिकडे.

नवरा म्हणतो, "तुले पगार दोन्हीकडून भेटाले पायजे!"

*

गेमचा हा रोग आमच्यात आणला रफिकभाईने. रफिकभाई डंपर चालवतो आणि मोबाईलमध्ये हॉटेल. गाडीवर मोबाईल बंद असतो, पण शॉवेल बिघडला की शेल्टरमध्ये याचं हॉटेल सुरू. गिऱ्हाईक येतं, डोसा मागतं, उशीर झाला की त्याच्या डोक्यावर लाल रागीट चेहरा उगवतो. रफिकभाईला तो लाल चेहरा बघवत नाही. त्यासाठी तो डबा अर्धवट सोडून उठलेला मी पाहिला आहे.

ईदला आम्ही सगळे त्याच्या घरी गेलो. भाभी स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा हाक मारत होती आणि हा कोपऱ्यात बसून डोसे वाढत होता. शेवटी भाभी बाहेर आली.

"माह्याबी डोक्यावर तो लाल चेहरा लावून घ्या एकदाचा," ती म्हणाली. "मंग तरी दिसन मी तुमाले!"

त्या दिवशी शीरखुर्मा रफिकभाईने वाढला.

*

आमचे शिफ्टचे साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नाही, पण तोंडात एकच शब्द, प्रॉडक्शन. गेम खेळणाऱ्यांवर ओरडायचे, आणि एक दिवस त्यांचाच फोन टेबलावर उघडा राहिला. साहेबांचंही शहर होतं!

मी डोकावले. शहरात खाण होती, कारखाना होता, रेल्वे होती, गोदामं होती. घरं नव्हती.

"साहेब, माणसं कुठे राहतात?" मी विचारलं.

साहेब ओशाळले, पण उत्तर तयार होतं. "माणसं नंतर. आधी प्रॉडक्शन!"

तेवढ्यात डंपरवाले पेंदोरभाऊ सही करायला आत आले. त्यांनीही फोनकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मंग साहेब, हे गाड्या कोन चालवून राह्यलं?"

साहेबांनी फोन खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी मला हळूच सांगितलं, "चार घरं बांधली हो मी."

*

आता पेंदोरभाऊंबद्दल सांगायलाच हवं. ते आमच्यातले सगळ्यात मोठे, डंपरवाल्यांमधले जुने. शेत खाणीत गेलं म्हणून नोकरी मिळालेली. गाव मात्र तेव्हा जागेवर होतं, खाणीच्या काठाशी. त्यांना रफिकभाईने मोबाईलमध्ये शेतीचा गेम घालून दिला. मातीवर बोट फिरवलं की पेरणी, चहा पिऊन होईतो पीक तयार.

भाऊंनी सुरुवातीला मिळालेले सगळे कॉइन कुंपणात घातले. चारही बाजूंनी कुंपण, वर एक मचाण! बियाण्याला काहीच उरलं नाही.

"भाऊ, असं काऊन केलं?" रफिकभाईने कपाळावर हात मारला.

"डुक्कर येते ना बाप्पा!"

"गेममधी डुक्कर नाई येत!"

"डुक्कर नाई, चिखल नाई, पावसाची वाट पाहाची नाई," भाऊ म्हणाले, "हे कोन्ती शेती होय?"

पण रफिकभाईने आपल्याकडून गेममध्ये बियाणं पाठवलं, तसे खेळायला लागले. आणि पहिलं पीक पिवळं होऊन डोलायला लागलं, तर कापेनात! आम्ही सगळे ओरडतोय, "कापा ना भाऊ, वरती टाइम चालू हाय!" भाऊ ढिम्म. त्यांच्याकडे नवं पीक आधी देवाला दाखवतात, नवा करतात, मगच घरात खातात.

"नवा झाल्याबिगर कसा कापू?"

सुट्टीच्या दिवशी भाऊंनी फोन गावाच्या शिवेवर नेला. तिथे मोहाचं जुनं झाड होतं आणि त्याच्या बुडाशी त्यांचा देव. फोन देवापुढे ठेवला, हात जोडले, मग बोटाने पीक कापलं. हे त्यांनी आम्हाला अगदी साधेपणाने सांगितलं. आम्ही हसलो. माझं माहेर चामोर्शीकडचं, धानाचं, तिथेही नवा करतात, तरी मीही हसले.

*

लोक विचारतात, एवढं काय आहे त्या गेममध्ये? मला वाटतं, तिथे ठेवलेली गोष्ट ठेवल्या जागी राहते, एवढंच आहे. चुकलं तर मागे जाता येतं. रस्ता वाकडा झाला, पुसा. घर नको तिथे बांधलं, बोट दाबून धरा, घर अलगद उचललं जातं, अंगणासकट, आणि हवं तिथे बसतं. आतल्या माणसांना पत्ताही लागत नाही. दिवसभर खऱ्या मातीचे डोंगर हलवणाऱ्या माणसांना हे सुख वाटलं तर नवल नाही.

पेंदोरभाऊंच्या गावाला उठण्याची नोटीस आली, त्या वर्षी भाऊंनी त्याच शेतीच्या गेममध्ये गाव बसवायला घेतलं. जसं होतं तसं. बोअरिंग इथे, समाजमंदिर तिथे, आपलं घर रस्त्याच्या वळणावर. शिवेच्या जागी गेमने आधीच एक मोठं झाड दिलेलं होतं. भाऊ म्हणाले, "हा आमचा मोह!"

आणि सातव्या लेव्हलला भाऊ अडकले. पुढे जायचं तर जमीन वाढवा, जमीन वाढवायची तर ते झाड काढा. झाडावर कुऱ्हाडीचं चिन्ह सारखं लुकलुकायचं. एकदा बोट लावलं की काम झालं. रफिकभाई त्याच्या हॉटेलात विसाव्या लेव्हलला गेला, साहेब त्यांच्या शहरात त्याच्याही पुढे, भाऊ सातव्यावरच. आम्ही त्यांना "सातवी नापास" म्हणायला लागलो. ते हसायचे आणि बोट लावायचे नाहीत.

*

गाव अर्धंअधिक रिकामं झालं होतं तेव्हा मी आणि रफिकभाई त्यांच्या घरी गेलो. भाऊंची आई, मोठीबाई, जायला तयार नव्हती. नव्या वस्तीत पक्कं घर मिळणार होतं, नळ होता. ती ओसरीवर बसून मोहफुलं निवडत होती.

भाऊ तिला समजवायला गेम घेऊन बसले. "हे पाय, बाई, आपलं घर." बोट दाबून धरलं, घर उचललं, दुसरीकडे ठेवलं. "असंच हाय. काईच नाई होत."

मोठीबाईने फोन हातात घेतला. बोट मोहावर ठेवलं आणि दाबून धरलं. झाड हललं नाही. कुऱ्हाड तेवढी लुकलुकली.

"घर उचलते," ती म्हणाली, "तं झाड काऊन नाई उचलत?"

भाऊंनी फोन परत घेतला आणि घर पुन्हा रस्त्याच्या वळणावर ठेवलं.

पुढच्या महिन्यात ती नव्या वस्तीत गेली. देवही पूजा करून, वाजत गाजत तिकडे नेला. मोह राहिला, आणि पावसाळ्याआधी तोडला गेला. कंत्राटदाराची माणसं आली होती, भाऊ ड्युटीवर होते. मला तेव्हापासून एकच धास्ती होती. खाण सरकत सरकत त्या शिवेवर येणार, आणि त्या जागेवरून कुणाचा डंपर जाईल हे मीच ठरवणार.

*

तो दिवस आला. सकाळची शिफ्ट. मी पेंदोरभाऊंना मुद्दाम दुसऱ्या टोकाच्या शॉवेलवर टाकलं. लगेच वायरलेस वाजला.

"मॅडम, मले शिवेवरचाच द्या."

"भाऊ, राहू द्या ना."

"द्या," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. मी दिला.

पहिली खेप भरून त्यांचा ठिपका निघाला. शिवेवरून जाणाऱ्या नव्या रस्त्यावर थोडा चालला आणि थांबला. तिथे थांबायची जागा नव्हती. मागून रफिकभाईचा ठिपका आला, तो थांबला. त्याच्या मागचेही थांबले. कुणी हॉर्न दिल्याचं कानावर आलं नाही. वायरलेसवर नुसती खरखर. माझा हात बटणावर होता, पण मी ते दाबलं नाही.

साहेब धावत आत आले, माझ्या हातातून वायरलेस घेतला. "गाड्या का थांबल्या? रोड क्लिअर आहे ना?"

उत्तर रफिकभाईचं आलं, मागच्या गाडीतून.

"सर, सामने झाड हाय."

साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं. तिथली झाडं तोडून झाल्याच्या कागदावर त्यांचीच सही होती. मी त्यांच्याकडे पाहत होते. मग त्यांनी बटण दाबलं.

"मग बाजूने घ्या," साहेब म्हणाले.

आधी भाऊंचा ठिपका हलला, मग रफिकभाईचा. शिफ्ट संपेपर्यंत माझ्या स्क्रीनवरचे सगळे ठिपके त्या जागेला वळसा घालून जात होते.