अर्धी विणलेली खुर्ची

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या त्या माणसाला सगळे खुर्चीवाले काका म्हणत. गाव मुठीएवढं, पण तिथली दुकानं बघायला माणसं लांबून यायची. हाताने केलेल्या मेणबत्त्या, मातीचे कप, जुनी पुस्तकं, आणि कोपऱ्यावर काका. दुकानदारांच्या मंडळाने त्यांना गाळा फुकट दिला होता. अट एकच, येणाऱ्यांना काका कामात दिसले पाहिजेत.

काम मात्र कुणी आणत नव्हतं. लोक फोटो काढत आणि मेणबत्त्या घेऊन जात. म्हणून काका एकुलत्या एका खुर्चीची अर्धी बैठक दिवसभर विणत आणि कुलूप लावण्याआधी उसवून टाकत. असं तीन वर्षं चाललं होतं.

घरी काकूंचे गुडघे पार गेले होते, खाली बसवत नव्हतं आणि घरात एकही खुर्ची नव्हती. "ती खुर्ची एकदाची पुरी करा नि घरी आणा," त्या म्हणाल्या.

"मग उद्या लोकांना काय दाखवू? माझं थोबाड?"

"तर मलाच तिथे नेऊन बसवा. फोटोत तरी खुर्चीवर दिसेन."

दुसऱ्या दिवशी काकांनी उसवलं नाही. तिसऱ्या दिवशी बैठक पुरी झाली आणि खुर्ची खांद्यावर टाकून ते निघाले.

दारातच एक हसतमुख बाई भेटली. "अय्या, संपलं पण? काका, थोडं परत विणून दाखवा ना. माझा व्हिडिओ राहिला."

मागे आणखी दहाबारा जण उभे होते. काकांनी खुर्ची खाली ठेवली आणि वीण उसवायला ते सुरी शोधू लागले.