वकीलसाहेबांचं गप्प बसणं

आमच्या ह्यांना ऐकताना ‘हं’ म्हणायची सवय नाही. समोरचा बोलत असतो आणि हे नुसते बसून असतात. नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, यांचं माझ्याकडे लक्षच नाही, आणि मी चिडून निम्म्यात बोलणं सोडून द्यायची. वकिलीत मात्र या गप्प बसण्याचा त्यांना फार उपयोग झाला. पक्षकार बोलत राहतो, आणि जे सांगायचं नाही असं ठरवून आलेला असतो तेसुद्धा सांगून बसतो.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी चिक्कडपल्लीचं ऑफिस सोडलं आणि बरकतपुऱ्यात घरीच, पुढच्या खोलीत टेबल मांडलं. येणं-जाणं कमी झालं, बरंचसं काम फोनवर आलं. जुना नंबर तेवढा त्यांना सोडवेना, आणि तोच फोन कोर्टात असलेल्या ज्युनिअरलाही घेता यायला हवा होता. म्हणून आम्ही इंटरनेटवरून चालणारा फोन घेतला.

कंपनीचा माणूस येऊन सगळं समजावून गेला. हे पेपर वाचत होते. मी शाळेत फिजिक्स शिकवलेली बाई, मी कान देऊन ऐकलं. जुन्या फोनवर दोन माणसांसाठी बोलणं संपेपर्यंत एक वाट राखून ठेवलेली असायची. इथं तसं काही नाही. आवाजाचे बारीक बारीक तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता चिकटतो, इंटरनेटच्या गर्दीतून ते वाट काढतात आणि पलीकडे पुन्हा क्रमानं जुळतात. त्यामुळे नंबर कुठल्या एका वायरीला बांधलेला राहत नाही. घरात वाजतो, कोर्टातही वाजतो. ‘अमुक हवं असेल तर एक दाबा’ असं सांगणारी बाईसुद्धा त्यात मिळत होती. ती मी नको म्हटलं. या घरात हुकूम सोडायला एक बाई पुरे आहे.

नवा फोन आल्यावर थोड्याच दिवसांनी दिलसुखनगरच्या एका बाईंचा फोन आला. आमच्याच वयाच्या, नवरा गेलेला, घर त्यांच्या नावावर. ह्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो आणि आतल्या खोलीत मलाही सगळं ऐकू येतं. पक्षकारांच्या गोष्टी मी कधी उंबऱ्याबाहेर नेत नाही. ही सांगते आहे ती ओळख गाळून.

मुलाला घर आपल्या नावावर हवं होतं. बक्षीसपत्र तयार होतं, पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रीला जायचं होतं. सही करावी का, एवढंच बाईंना विचारायचं होतं. पण ह्यांनी मधे एक शब्द काढला नाही, आणि बाई बोलत गेल्या. शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, “काल त्यानं माझ्या पुढ्यातलं ताट उचललं, वकीलसाहेब. आधी सही, मंग जेवण, म्हणला. कुणालाच नाही सांगितलं मी हे.”

हे गप्प. मी आत भाजी चिरता चिरता थांबले. थोड्या वेळानं पलीकडून “हॅलो? हॅलो?” झालं, आणि ह्यांनी तोंड उघडायच्या आत फोन बंद.

“करतील परत,” हे म्हणाले. बाईंनी केला नाही. वकिलानं आपण होऊन पक्षकाराला फोन करायचा नाही, हा ह्यांचा जुना नेम. काम मागायला गेल्यासारखं होतं म्हणे. मी दोनदा सुचवलं, दोन्ही वेळा मान ‘नाही’ म्हणून हलली. पण जेवणात लक्ष नव्हतं, आणि टेबलावरचा फोन वाजला की नंबर बघायला चष्मा आधी हातात यायचा. इतरांचे फोनही असेच मधे तुटत होते. “माझ्यावरचा विश्वास उडाला लोकांचा,” असं एकदा म्हणालेसुद्धा.

मग एकदा मी बाजारातून ऑफिसच्या नंबरवर फोन केला. गोंगुऱ्याची भाजी चांगली मिळतेय, दोन जुड्या घेऊ का, असं विचारत होते. पलीकडे काहीच नाही. नवऱ्याचं गप्प बसणं मला इतक्या वर्षांत पाठ झालंय, पण हे ते नव्हतं. पलीकडे माणूसच नव्हता, खोलीच नव्हती. मी फोन ठेवला आणि तणतणत घरी आले.

“फोन का ठेवलात?”

“मी कुठं ठेवला? तू ठेवलास. मी विचार करत होतो.”

“गोंगुऱ्याचा?”

पण डोक्यात काहीतरी चमकलं. मी ह्यांना टेबलाशी बसवलं, वर पंखा फुल्ल सोडला, आणि गच्चीवर जाऊन मोबाइलवरून फोन लावला. शुकशुकाट. पंखा नाही, रस्ता नाही, श्वास नाही. ‘टाळी वाजवा’ म्हटल्यावर टाळी स्वच्छ आली आणि पुन्हा सगळं पुसून गेलं.

कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, “क्या बोले तो मॅडम, कोई बात नै करा तो सिस्टम कुछ भेजताइच नै. इंटरनेट बचाता.” म्हणजे गप्प बसलेल्या माणसाचे तुकडे पाठवायचेच नाहीत. जुन्या फोनवर ह्यांचं गप्प बसणं पलीकडे ऐकू जायचं. या फोनवर ते नाहीसं होत होतं. उपाय सोपा होता. बोलणं थांबलं की पलीकडच्याच्या कानात एक हलकी खरखर घालून देतात, लाइन चालू आहे असं वाटावं म्हणून. नकली खरखर.

“नकली?” हे उसळले. “मी हजर आहे याची खोटी साक्ष देणार यंत्र? माझ्या ऑफिसात नाही चालणार.”

मग त्या माणसानं ती बचतच बंद करून टाकली. खर्चात काही फरक पडला नाही.

मी ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिले. “आता कळलं ना, त्या बाईंनी फोन का ठेवला? त्यांना वाटलं, तुम्ही ठेवला. नेमकं ते सांगितल्यावर ठेवला. परवा सही आहे त्यांची.”

ह्यांचा चेहरा उतरला. त्यांनी नंबर काढला आणि स्वतः लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बाईंनी आवाज ओळखला, पण जपूनच बोलल्या. ह्यांनी फोनचा घोटाळा समजावून सांगितला. मी तिकडेच होतो, ऐकत होतो, म्हणाले. बाई म्हणाल्या, “असू द्या की साहेब. मला वाटलं, तुमाला पटलं नाही. आईचंच काहीतरी चुकलं असंल, म्हणून लेकरू असं वागतंय. मंग म्हटलं, करून टाकावी सही.”

कुणाची चूक, हे आमच्या ह्यांनी आजवर कुठल्याही पक्षकाराला सांगितलेलं नाही. कागद घेऊन या, बघू, एवढंच. आताही तेच म्हणतील असं मला वाटलं.

“तुमची काही चूक नाही, ताई,” हे म्हणाले. “सही करू नका.”

पलीकडे बाई रडायला लागल्या. हे फोनकडे बघत बसून राहिले. बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, “बरं. नाही करत. उद्या येते मी तिकडं.”

फोन ठेवल्यावर मी पाणी नेऊन दिलं. माझे डोळे भरून आले होते आणि रागही तितकाच आला होता. मशीन सुधारलं म्हणून समाधान मानावं, असं मला मुळीच वाटत नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेच म्हणाले, “फोन कसलाही असता, तरी हे मला त्याच दिवशी बोलता आलं असतं.”

“हो,” मी म्हटलं, “आलं असतं.”