उतारावरचं पेट्रोल
पंपावर पेट्रोलचा वास आला की मला धामापूरचा उतार आठवतो. आमच्याकडे उतार लागला की इंजिन बंद करून गाडी तशीच सोडतात, पेट्रोल वाचतं म्हणून. मी नुकतीच मोटरसायकल शिकले होते आणि मागे काका बसले होते. तळ्यावरून गार वारा येत होता. मी खट्टकन दुसरा गियर टाकला, तसं इंजिन घोंघावू लागलं. "गो चेडवा, बंद कर गाडी! उताराक कोण पेट्रोल जाळता?" म्हणत काकांनी माझ्या खांद्यावरून किल्लीकडे हात घातला. मी तो झटकला. "जळांदे. गाडी मी चालवतंय." पुढच्याच वळणावर रस्ताभर म्हशी उभ्या होत्या. गियरमुळे गाडी आधीच हळू होती. ब्रेक दाबताच ती शेवटच्या म्हशीच्या हातभर अलीकडे थांबली. काकांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. घरी मात्र ते सगळ्यांना म्हणाले, "चेडू गाडी बरी चालयता, पण पेट्रोल भारी जाळता." अजूनही जाळते. त्या उतारावर माझा दुसरा गियर आजही अख्ख्या वाडीला ऐकू जातो आणि काका मागे बसून कुरकुरतात. कुरकुरू देत. किल्लीकडे त्यांचा हात पुन्हा कधी आलेला नाही.