फ्रान्सचा डबा

नरसिंहपूरच्या घाटावर भेटलेल्या त्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. साठीचा गडी, पांढरी टोपी, पोटाशी धरलेला काळा चौकोनी डबा. मला वाटलं, भाकरीचा असेल.

"क्यामेरा हाय, फ्रान्सचा! बारामतीच्या भंगारात घावला. रोल घालायचा, वरच्या काचंत बघायचं, खटका दाबायचा."

वरच्या काचेत बघायचं म्हणजे मान खाली घालावी लागते. त्यानं घाटावरच्या एका म्हाताऱ्याला फोटोसाठी उभं केलं आणि मान खाली घातली. समोर उभ्या म्हाताऱ्याला वाटलं, हा आपल्याला नमस्कारच करतोय. त्यानंही लगेच हात जोडले आणि तो वाकला. तेवढ्यात खटका वाजला.

"झालं, आली टोपी!" गडी वैतागला. खिशातून त्यानं आधीचे फोटो काढून दाखवले. सगळ्या टोप्या, फेटे आणि एक टक्कल.

"अहो, मान वर ठेवा म्हणून सांगायचं ना!"

"सांगतो की! व्हय व्हय म्हणत्यात अन् वाकत्यात. फ्रान्सची माणसं ताठ उभी ऱ्हात असतील. त्यांच्यासाठीच केलाय ह्यो डबा."

रोलमध्ये शेवटचा एक फोटो उरला होता. "ह्यो माझा काढा. घरात माझा एक बी धड फोटो न्हाय," असं म्हणत त्यानं डबा मला दिला आणि छाती काढून उभा राहिला.

मी मान खाली घातली. काचेत इवलीशी नदी, इवलासा घाट आणि हात जोडून वाकलेला तो.

ओरडणार होतो, पण इतका मनापासूनचा नमस्कार मोडवेना. मी खटका दाबला.

"आला का चेहरा?"

"टोपी झकास आली," मी म्हणालो.