कॉल करायला फार लवकर

त्या बुधवारी सकाळी आठपासून मी आणि आई टीव्हीसमोर बसलो होतो. अमेरिकेच्या निवडणुकीची मतमोजणी चालू होती आणि तिकडे पुण्यात माझ्या धाकट्या बहिणीला कळा लागल्या होत्या. खरं तर मतमोजणीचं आम्हाला काडीचं कौतुक नव्हतं, पण नजर कुठेतरी टेकवायला हवी होती.

आई महिनाभरासाठी आमच्याकडे ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला आली होती. "जा, ताईकडे राहून ये, मला अजून अवकाश आहे," असं बहिणीनेच तिला सांगितलं होतं. परतीचं तिकीट रविवारचं होतं. बाळाला मात्र दम नव्हता, ते तीन आठवडे आधीच निघालं. साडेसातला बहिणीच्या नवऱ्याचा मेसेज आला: हॉस्पिटलमध्ये नेतोय, मीच फोन करतो.

"लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि मी इथे कांगारू बघत बसलेय," आई म्हणाली. "लोक नावं ठेवतील. लोकांचं जाऊ दे, तीच मला जन्मभर बोल लावेल."

मला आईची कीव येत होती, पण खोटं कशाला बोलू, मी मावशी होणार या आनंदाने माझा पाय घरात ठरत नव्हता. शेवटी मी फोन उचललाच. आईने टीव्हीकडे बोट दाखवलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं होतं, टू अर्ली टू कॉल.

"बघ! त्यांनासुद्धा कळतंय. पुण्यात आत्ता साडेपाच वाजलेत. इतक्या लवकर फोन करू नये."

मी इतकी हसले की फोन हातातून पडला. पण तिचं काय चुकलं? परदेशात राहणाऱ्याचं अर्धं आयुष्य 'तिकडे आत्ता किती वाजले असतील' यातच जातं. मग मी तिला सांगितलं की इथे कॉल म्हणजे कोण जिंकलं ते जाहीर करणं. मतं पुरेशी मोजली नाहीत, म्हणून कुणी बोलायला धजत नाहीये.

"आणि तुझा नवरा ऑन कॉल असतो ते?"

"हॉस्पिटलने बोलावलं की जायचं, ते."

तेवढ्यात बातम्यांत एका पुढाऱ्याने शांततेसाठी कॉल दिला आणि दुसऱ्याने त्याला खोटारडा कॉल केलं.

"हे कळलं मला," आई म्हणाली. "हे नावं ठेवणं. काय बाई, एकाच शब्दाला किती राबवतात!"

"आपण कमी आहोत का? कळा लागल्या, फोन लागत नाही, निकाल लागत नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. आईचा चेहरा उतरला होता. मग ती नुसती बांगडी फिरवत राहिली. टीव्हीवरची माणसं नकाशे रंगवत होती. मी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो निवला.

साडेदहाला ती ताडकन उठली. "आता लवकर नाही. लाव."

दोनदा नुसतंच खरखरलं. तिसऱ्यांदा रिंग गेली.

"लागला!" आई ओरडली.

"आई, मुलगी झाली!" बहिणीचा नवरा तिकडून तिच्याहून मोठ्याने ओरडला. "दहा मिनिटं झाली. दोघी मस्त आहेत. मी फोन करणारच होतो!"

मी आईला उचलायचाच प्रयत्न केला. दोघी मिळून सोफ्यावर आदळलो. मग फोनच्या पडद्यावर बहीण आली, घामेजलेली, केस विस्कटलेले, कुशीत एक लालबुंद गाठोडं.

"मी तिथे नव्हते गं," आई एवढंच म्हणाली.

बहिणीने तिच्याकडे नीट पाहिलं. "रविवारी निघ. बाळाला नाव तू आल्यावरच ठेवायचं," ती म्हणाली. "तोवर तुला नावं ठेवतो."

आई खो खो हसली आणि हसता हसता रडायला लागली.