मॅग्नेशियमचा ठोकळा

हे आज दुपारपर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सख्ख्या बहिणीलाही नाही. आता एकदा तोंडातून निघालंच आहे, तर तुम्हालाही सांगते — तुमच्यापासून काय लपवायचं?

आमच्या ह्यांना धातूंचं वेड. एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झाले आणि शोकेसमधल्या माझ्या कपबश्या बाहेर, ह्यांचे ठोकळे आत! टायटॅनियम, निकेल, मॅग्नेशियम — पॉलिश केलेले, तोंड दिसेल इतके चकचकीत. पाहुणा आला की चहाच्या आधी ठोकळे. मी वैतागायचे. पण माणूस रमलाय ना, रमू दे.

आमची सून वैशाली लग्न होऊन आली, त्या वर्षीची दसऱ्याची साफसफाई. सकाळी तिनं शोकेसच्या काचा पुसल्या. दुपारी मी तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून घासत होते आणि — काय बुद्धी झाली कुणास ठाऊक — मॅग्नेशियमचा ठोकळा जरा मळकट वाटला, म्हणून त्यालाही लावलं. फसफसून फेस आला. धुतला, तर काळपट, नुसते खड्डे. गुपचूप जागेवर ठेवून दिला.

संध्याकाळी ह्यांच्या नजरेस पडला. ओरडले नाहीत. ओलं फडकं लागलं वाटतं, म्हणाले, आणि वैशालीकडे बघितलं. ती खाली मान घालून म्हणाली, "माझ्याच हातून झालं असेल, बाबा. चुकलं."

आणि मी? मी तिथंच होते — पिठाच्या हातांनी, दारात. तोंड उघडायला काय झालं होतं मला? नव्या सुनेपुढे सासूनं चूक कबूल करायची म्हणजे — छे! भाकरी थापायला आत गेले.

तेव्हापासून शोकेसला कुलूप. हे पाहुण्यांना हसत सांगायचे, हा आमच्या सूनबाईंचा पराक्रम. तीही हसायची. मला लाज वाटायची, पण गप्प बसायचे.

आज तिचे आईवडील देवळाली कॅम्पहून जेवायला आले होते. ह्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तिची आई ताटावरून उठली आणि ह्यांच्यापुढे हात जोडून पोरीसाठी माफी मागायला लागली. मग मात्र मला राहवेना. सगळ्यांसमोर बोलले — चिंच, मीठ, दारात गप्प उभं राहणं, सगळं. खरं सांगू? इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं!

ह्यांनी उठून शोकेसचं कुलूप काढलं आणि ठोकळा वैशालीच्या तळहातावर ठेवला. तिनं तो वरखाली करून पाहिला आणि माझ्याकडे वळली.

"आई, हा एवढा हलका असतो?"

आज पहिल्यांदाच हातात घेतला होता तिनं.