साळूबाईचा अंगठा

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीच्या फाटकासमोर साळूबाईची चहाची टपरी होती. बाई मूळची पिशोरची. बोलायला लागली की चार शेडपर्यंत ऐकू जायचं. चहात अद्रक कमी आहे म्हणालं की "सासुरवाडीला जाऊन पी" असं ऐकवायची आणि पुढच्या वेळी मुकाट्यानं जास्त ठेचून घालायची. नव्वदच्या दशकात मालकानं कंपनी बंद केली, आमचे पगार बुडवले. आम्ही फाटकासमोर बसायला लागलो आणि चहा तिच्याकडं उधारीवर प्यायला लागलो. तिनं कधी हात आखडता घेतला नाही. शिव्या मात्र रोज दिल्या.

कामगार न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूनं लागला तेव्हा आम्ही पेढे वाटले. लई घाई केली. निकाल हातात होता, पैसा मालकाच्या खिशात, आणि मालक ढिम्म. शेवटी न्यायालयाच्या हुकमावरून वसुलीचा दाखला तहसीलला गेला. शेतसारा थकला की करतात तशी जप्ती करून आमचे पैसे वसूल करायचे होते. शेडमध्ये किमतीचं म्हणावं असं उरलं होतं ते दोन प्रेस मशिनी.

पहिल्या जप्तीची माती आम्हीच केली. पंचनाम्याला दोन पंच हवेत म्हटल्यावर आमच्यातल्या बन्सीनं आणि आणखी एकानं हौसेनं सह्या ठोकल्या. ज्यांचं घेणं तेच पंच! मालकाच्या वकिलानं हरकत घेतली, जप्ती रद्द झाली, आणि नवी तारीख पडेपर्यंत एक मशीन शेडमधून गायब. बन्सीला आम्ही बरेच दिवस "पंचसाहेब" म्हणत होतो.

दुसऱ्या खेपेला तहसीलचे अव्वल कारकून नानासाहेब फार जपून होते. शेजारच्या कंपनीतला एकजण कसाबसा पंच व्हायला तयार झाला. दुसरा मिळेना. मालकाच्या वाकड्यात कोण शिरणार? नानासाहेब दप्तर आवरायला लागले. ते आज परत गेले तर उरलेली मशीनही जाणार आणि आमच्या निकालाचा नुसता कागद राहणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात साळूबाई पदराला हात पुसत आली. "मी व्हते पंच. मला काय, डोळ्यानं मशीन दिसती."

मालकाचा मॅनेजर जप्तीवर नजर ठेवायला तिथं उभा होता, तो हसला. "साहेब, ही बाई कशी चालेल? या सगळ्यांकडं हिची उधारी आहे. त्यांना पैसे मिळाले तर हिला मिळणार. हिचंही घेणंच की."

नानासाहेबांचा पेन थांबला. "बाई, खरं का?"

उधारी कुठंच लिहिलेली नव्हती, सगळी तिच्या डोक्यात. नाही म्हणाली असती तर कोण काय करणार होतं? खोटं बोल बाई, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो.

"व्हय, खरं हाय," ती म्हणाली. "दोन सालाची हाय. त्यातून टपरीवर पत्रे टाकणार व्हते." तिनं आमच्याकडं एकवार बघितलं. "सोडली. समद्यांसमोर सांगते सायब, माझं यांच्याकडं आता काय बी घेणं नाय. एका कपाचं बी नाय. आता चालतंय का?"

नानासाहेबांनी ते जसंच्या तसं पंचनाम्यात लिहिलं आणि शाईचा पॅड पुढं केला. साळूबाईनं त्यावर अंगठा दाबला आणि पंचनाम्यावर उठवला.

मशीन जप्त झाली, यथावकाश लिलाव झाला. सगळा नाही, पण बराच पैसा आमच्या हाती आला. त्या दिवशी आम्ही घरी न जाता आधी टपरीवर गेलो. बन्सीनं अंदाजानं गोळा केलेल्या सगळ्यांच्या उधारीच्या नोटा तिच्यापुढं ठेवल्या.

"उचल त्या," ती म्हणाली.

"मावशी, लिलाव बी झाला. आता कोण इचारतंय?"

"कुणी नाय इचारत. पण सायबासमोर सांगून अंगठा दिला ना मी? हे घेतलं तर तो खोटा पडंल."

बन्सी तिथंच रडायला लागला. मलाही राहवलं नाही. एवढ्या मोठ्या मालकाला न्यायालयाचा हुकूम पाळता आला नव्हता, आणि ही बाई स्वतःच्या शब्दाला अशी धरून बसली होती.

"रडता काय बायकांवानी? चहा प्या," ती ओरडली. "अन् आजचे रोख द्या."

आजच्या चहाचे तेवढे तिनं मोजून घेतले.